मधल्याचा वाटा

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला मी गणितावर जो मोठा निबंध लिहिला, तो जादूच्या चौरसांवर होता. आडवी बेरीज घ्या, उभी घ्या, तिरकी घ्या, उत्तर एकच. मार्क चांगले पडले. बाबांनी त्याला जाड पुठ्ठ्याची बांधणी करून आणली आणि आल्यागेल्याला दाखवला. ज्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं त्यांनीही माना डोलावल्या. मला मात्र त्या निबंधाची अजून चीड येते. त्यात चूक एकही नव्हती. पण मला लिहायचं होतं वाटणीवर, आणि तो विषय मी हातात घेऊन खाली ठेवला. त्यावेळी ठेवला तेच बरं झालं असं घरात सगळ्यांना वाटलं. मलाही तसं वाटून घ्यावं लागलं.

दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली होती. आमचं गाव भिवंडीपासून रिक्षाने जाण्यासारखं, खाडीच्या बाजूला. कॉलेज शहरात. वर्गाच्या खिडक्या बंद केल्या तरी पलीकडच्या गल्लीतल्या लूमचा आवाज यायचाच. लाइट गेली की तो एकदम थांबायचा आणि मगच मॅडम काय बोलतायत ते शेवटच्या बाकापर्यंत पोचायचं. मॅडम कल्याणहून यायच्या. निबंधाचा विषय ज्याचा त्याने शोधायचा अशी त्यांची शिस्त होती, आणि एक अट होती. विषय ठरला की घरातल्या एका माणसाला तो समजावून सांगायचा. त्याने त्यावर एक तरी प्रश्न विचारला पाहिजे. तो प्रश्न घेऊन मॅडमकडे यायचं, मग त्या होकार देणार.

वर्गातल्या निम्म्या जणांनी लूम धरला. भिवंडीत बसून दुसरं काय सुचणार? कापडाची वीण, नक्षी, उभे-आडवे धागे. माझ्या शेजारी बसणारा मुलगा लूमवाल्यांच्याच घरातला होता. तो म्हणाला, "घर में दिनरात खटखट, अब निबंध में भी वही खटखट? मैं नहीं लिखता." त्याने क्रिकेट घेतलं. मी मात्र कुणाला काही बोलले नाही, कारण माझा विषय मला आधीच सापडला होता. आमच्या मागच्या दारी, मासळीच्या वाट्यांमध्ये.

आमचं घर एक होतं, चुली तीन. थोरले माझे बाबा, मग मधले काका, मग धाकटे काका. मधले काका खाडीत जाळं टाकायचे. मासळी आली की मागच्या दारी तिचे वाटे पडायचे. आत्या माहेरी आलेली असली तर हे काम तिचं. आत्या ही तिघा भावांची एकुलती बहीण, बाबांच्या पाठची, दिलेली अकलोलीला. तिथल्या गरम पाण्याच्या कुंडांजवळ तिचं छोटं दुकान होतं, नारळ, हार आणि आंघोळीला येणाऱ्यांसाठी टॉवेल. ती आली की वाटे तीनऐवजी चार पडायचे, चौथा तिने अकलोलीला न्यायचा.

नियम आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा होता. जो वाटे पाडेल त्याने शेवटी घ्यायचं, आणि सगळ्यांत धाकट्याने आधी उचलायचं. त्यामुळे पाडणारा हात मारत नाही. एक कोळंबी इकडून तिकडे ठेवायलाही आत्या वेळ घ्यायची, कारण उरेल ते तिच्याच पदरात पडणार. सगळे म्हणायचे, याच्याइतका न्याय कोर्टात मिळायचा नाही.

मलाही तसंच वाटायचं. पण कॉलेजात गेल्यावर एक खोड लागली, जे सगळ्यांना पटलंय ते खरं आहे का बघायची. दोन माणसं असतील तर नियम चोख चालतो. एकाने पाडले, दुसऱ्याने उचलला. पाडणाऱ्याने दोन्ही सारखे केलेत, त्याला काहीही मिळालं तरी चालतं. उचलणाऱ्याला हवा तो मिळाला. दोघांची तक्रार संपली. माणसं तीन झाली की मात्र गोम येते. पाडणाऱ्याला तिन्ही वाटे सारखे दिसतात. धाकट्याला आणि मधल्याला तसे दिसतीलच असं नाही. समजा दोघांचाही डोळा एकाच वाट्यावर आहे. धाकटा तो उचलतो. मग मधल्यासमोर उरतात दोन, आणि त्याच्या मते ते दोन्ही किरकोळ. त्याच्यासाठी न्याय नावाची गोष्ट तिथे उरतच नाही. पाडणाऱ्याने लबाडी केलेली नसते, उचलणाऱ्यानेही नाही, आणि तरी मधला मारला जातो.

हे सुचलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले. मधले काका जन्मभर का कुरकुरत असतात याचं कारण मला गणितात मिळालं होतं. घरात सगळे म्हणायचे, मधल्याचा स्वभावच तसा. पुढे पुस्तकं धुंडाळल्यावर कळलं की हा प्रश्न जगाला ठाऊक आहे आणि त्यावर उपायही आहे, अगदी सोपा. दोघांचा डोळा एकाच वाट्यावर असेल तर पाडणाऱ्याने शेवटी घ्यायचं नाही, सगळ्यांत आधी घ्यायचं. जे दोन वाटे त्या दोघांना नको आहेत त्यांतला एक त्याने उचलायचा, त्याला काय, त्याला तिन्ही सारखेच. मग उरलेले दोन परत एकत्र करायचे आणि त्या दोघांनी आपसांत नव्याने वाटून घ्यायचे, एकाने पाडायचे, दुसऱ्याने उचलायचा. कुणालाच कमी पडत नाही. चार माणसांचं याहून किचकट होतं. मॅडमना मी वरवर सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "चौघांचं मागाहून बघू. तिघांचं पक्कं कर. पण आधी घरी समजावून ये."

इथे घरची एक गोष्ट सांगायला हवी. त्याच वर्षी जमिनीची वाटणी करायचं घाटत होतं. रस्त्याकडेला गोडाऊनं उभी राहायला लागली होती आणि दलाल दाराशी येऊन चहा पिऊन जायचे. वाटणी तिघा भावांत होणार, आत्या हक्क सोडल्याची सही देणार, हे कुणी ठरवलं नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं. कायद्याने बहिणीचा हिस्सा असतो हेही सगळ्यांना माहीत होतं, म्हणून तर सही लागते. पण त्यावर बोलायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि मी समजावून सांगायला निवडलं आत्याला. मला वाटलं, वाटे तिच्याइतके सुरेख कोण पाडतं? तिलाच कळेल. ती गणपतीनंतर दोन दिवस राहायला आली होती. मागच्या दारी तिने चार वाटे घातलेले, धाकटे काका हात धुवत होते, मधले काका जाळं वाळत टाकत होते. मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि म्हणाले, "आत्या, माझ्या निबंधाचा विषय सांगते. हे वाटे म्हणजे जमीन समज."

उचलली जीभ लावली टाळ्याला. मला फक्त उदाहरण द्यायचं होतं.

"कोनाची जमीन?" आत्याने विचारलं.

"कुणाचीही. आपली समज. घेणारे चौघं."

"चौघं कोन?"

"तुम्ही चौघं."

आत्याचा हात वाट्यावरच थांबला. मॅडमना हवा होता तो प्रश्न मला मिळाला होता, पण पुढचं सांगायला मिळालं नाही. मधले काका जाळं टाकून आत निघून गेले. जाता जाता बाबांना म्हणाले, "ऐकलंस ना दादा? बायच्या तोंडून बोलवून घेतात आता."

म्हणजे त्यांना वाटलं, आत्याने मला पढवलंय. स्वतः मागायला लाज वाटते म्हणून कॉलेजातल्या पोरीला पुढे केलंय, निबंधाचं निमित्त काढून. मी हसण्यावारी नेलं. पण संध्याकाळपर्यंत हे घरभर झालं होतं, आणि दुसऱ्या दिवशी त्यात भरही पडली होती, की आत्याच्या नवऱ्याने वकील गाठलाय. आत्याचा नवरा तेव्हा दमेकरी होता आणि घरचा ओटा उतरत नव्हता. बाबा मला एवढंच म्हणाले, "कॉलेजचं कॉलेजात ठेव. आमचं घर त्यात घालू नको." आत्या ठरल्यापेक्षा एक दिवस आधी परत गेली. तिचा वाटा तिने नेला नाही.

मी तिघांचं पुढे लिहायला घेतलं होतं, मनात राग होता म्हणून जरा जास्तच जोरात. खरं सांगायचं तर मला वाटत होतं, निबंध पुरा झाला की तो घरात वाचून दाखवीन आणि सगळ्यांची तोंडं बंद करीन. त्या वयात माणसाला वाटतं, सिद्ध केलं की संपलं.

मग नवरात्र आलं. दरवर्षी आम्ही जीप करून वज्रेश्वरीच्या दर्शनाला जायचो आणि परतताना अकलोलीला आत्याकडे जेवायचो. वालाचं बिरडं, भात, खीर. आत्या पहाटेपासून वाल सोलत बसायची. त्या वर्षी दर्शन झालं, जीप निघाली. मधले काका पुढे बसले होते. आत्याचं दुकान जवळ आलं तसं धाकट्या काकांनी मागे वळून न बघता विचारलं, "थांबायचं का?" बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. आत्या दुकानापुढे उभी होती, नवी साडी नेसून. जीप दिसल्यावर तिने हात वर केला आणि जीप पुढे गेल्यावर तो तसाच राहिला. आईने डोळ्यांना पदर लावला. "थांबवा" एवढा एक शब्द मला बोलता आला असता. पण बाबांपुढे बोलायची आमच्या घरात मुलींना सवय नव्हती, आणि भांडण माझ्याच तोंडामुळे पेटलेलं.

दिवाळीच्या सुट्टीआधी एक दिवस शिपाई वर्गात सांगत आला की तुझ्या गावची बाई खाली आलीय. आत्या होती. अकलोलीहून एसटीने भिवंडीला आली होती आणि विचारत विचारत कॉलेजात. फाटकापाशी लूमच्या आवाजात बोलणं होईना म्हणून आम्ही एसटी स्टँडवर येऊन बसलो. तिने पिशवीतून चण्याची पुडी काढून माझ्या हातात दिली, जणू मी अजून पाचवीत होते.

"तुझा तो विषय सोड गो बाय," ती म्हणाली.

"आत्या, त्यात चुकीचं काही नाही. आणि मी तुझा हिस्सा मागत नाहीये. गणित आहे ते."

"मंग गणितात मना घेऊ नको."

"तुला नाही घेत. तीनच घेते."

"तीन घे न्हायतर तीस घे. वाटनीचं नाव नको. त्यांना वाटतं मी मागतंय. मना जमीन नको, मना माहेर पायजे. जमिनीचं काय, तिथं मी कवा नांगर धरलाय? पन दिवाळीला मना न्यायला कोन आला न्हाय तर मी शेजारनीला काय सांगू?"

मी बरंच काही बोलले. हक्काचं, कायद्याचं, ती किती भोळी आहे ते. सगळं चौथ्या वाट्याबद्दल. तिने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "तू शानी हायस. माझ्यासाठी एवढं कर." तिची एसटी लागली. पायरी चढताना तिने पुन्हा वळून बघितलं, मी मान हलवली.

त्याच दुपारी मॅडमकडे गेले आणि विषय बदलायचाय म्हणाले.

"का गं? घरच्यांना समजला नाही का?"

"समजला, मॅडम."

पुढे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. कपाटातून त्यांनीच जादूच्या चौरसांचं पुस्तक काढून दिलं. कुठूनही बेरीज घ्या, सारखीच. कुणाच्या पोटात दुखायचा प्रश्न नाही.

घरात मी विषय बदलल्याचं कळलं तसं वातावरण निवळलं. भाऊबीजेला धाकटे काका आत्याला आणायला गेले. हक्क सोडल्याच्या सहीला ती गेली त्या दिवशी जीप तिच्या दारात थांबली, तिला पुढे बसवलं, येताना साडी घेतली. तिच्यावर कुणी जबरदस्ती केली नाही, हे सांगितलंच पाहिजे. ती हसत होती. तिला वाटलं, माहेर वाचलं. तिला एवढी खूश बघून मलाही वाटलं की निबंध गेला तर गेला, एका माणसाचं भलं झालं.

परीक्षा झाल्यावर वाटणी झाली. आमच्या रीतीनेच. बाबांनी वाटे पाडले. मी शपथेवर सांगते, त्यांनी ते स्वच्छ मनाने पाडले. पण बाबा जमीन भातात मोजायचे. कुठल्या खाचरात किती भात पिकतं, खाडीचं खारं पाणी कुठवर चढतं. रस्त्याकडचा माळ त्यांच्या हिशेबी गवताचा, म्हणून तो भरीला घालून त्यांनी एक वाटा बाकीच्यांइतका केला. धाकटे काका टेम्पो चालवायचे, ते जमीन रस्त्यात मोजायचे. त्यांनी आधी उचलायचं होतं, त्यांनी माळ असलेला वाटा उचलला. मधल्या काकांचाही डोळा त्याच्यावरच होता. त्यांच्यापुढे दोन वाटे उरले, भाताचे. त्यांनी एकाला हात लावला तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला होता की मला तिथे थांबवेना. काही महिन्यांपूर्वी मी जे मांडलं होतं ते माझ्यासमोर आमच्याच ओटीवर घडत होतं. मी आत जाऊन भांडी घासायला बसले.

मग सुरू झालं ते संपलंच नाही. मधल्या काकांचं म्हणणं, थोरल्या-धाकट्याने आधीच संगनमत केलं, एक वाटा सोन्याचा आणि दोन मातीचे पाडले. बाबांचं म्हणणं, मी तर सगळ्यांच्या शेवटी उरलेला घेतला, मी लबाड कसा? माळावर गोडाऊन उभं राहिलं तसं बोलणं बंद झालं. एका घराची तीन घरं झाली, मध्ये भिंती आल्या. आत्या भाऊबीजेला आली की कुणाच्या दारात आधी जायचं हा प्रश्न. थोरल्याकडे जेवली तर मधला ओवाळून घेईना, मधल्याकडे गेली तर धाकट्याची बायको तोंड फिरवी. दोन-तीन वर्षं तिने पाहिलं आणि मग यायचंच बंद केलं. मधले काका गेले तेव्हा बाबांशी त्यांचं बोलणं नव्हतं. बाबा तिरडीपर्यंत गेले, पण खांदा द्यायला त्यांना बोलावलं नाही.

मी तेव्हा कल्याणला शाळेत शिकवायला लागले होते. काकांच्या वर्षश्राद्धानंतर अकलोलीला आत्याकडे गेले. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ती थकली होती, केस पांढरे झाले होते. बोलता बोलता म्हणाली, "त्या साली तू काय लिवनार व्हतीस गो? ते पुरं कधी सांगितलंसच न्हाय."

मी फळीवर बोटाने रेघा ओढून सांगितलं. तीन माणसं, तीन वाटे. दोघांचा डोळा एकाच वाट्यावर. पाडणाऱ्याला सगळे सारखेच दिसतात आणि मधल्याला कमी येतो. मग उपाय सांगितला, आधी थोरल्याने नको असलेल्यांतला घ्यायचा, उरलेले दोघांनी एकत्र करून पुन्हा वाटायचे. तिला काहीच दोनदा सांगावं लागलं नाही. वाटे पाडण्यात तिचा जन्म गेला होता.

"म्हंजे यात चौथ्याचं कायच न्हाय?" तिने विचारलं.

"नाही. तिघांचंच."

"तीनच म्हनलीस तरी मना वाटलं तू माझ्याच हिश्श्याचं लिवतंस. म्हनून नको म्हनले."

स्टँडवर त्या दिवशी मी तिला सगळं ऐकवलं होतं, मधल्याला कमी येतो एवढं सोडून.

तिने माझ्या रेघांवरून आपलं बोट फिरवलं, जरी फळीवर दिसण्यासारखं काही नव्हतं. मग हळू आवाजात म्हणाली, "मंग दादाने लबाडी केली नव्हती."

"नाही."

"आनि मधल्याला कमी आला, ते पन खरं."

"खरं."

"जन्मभर त्याला सगळ्यांनी कुरकुऱ्या म्हनलं," आत्या म्हणाली. "मी पन म्हनलं. मरायच्या आधी त्याला कोनी सांगितलं न्हाय गो, का तुझं बरोबर हाय म्हनून."